ओठावरचा ताप आणि फ्रिजमधला डबा

गेले चार महिने हे लिहू की नको असं चाललं होतं. आई म्हणाली, "नको गं, उगाच कशाला." आत्याने तर अकोल्याहून फोनच केला. "दादाच्या आजारपणाचं लिहून राहिली म्हणे तू? सारे नातेवाईक वाचतात ना तुझं ते. ओठावरच्या फोडांचं काय लिहाचं असते?" बाबा मात्र म्हणाले, "लिही. फक्त शुद्धलेखन तपासून घे." (निवृत्त मास्तर. दुसरं काय म्हणणार!) तेव्हा परवानगी मिळालेली आहे. आणि आत्या, तू वाचणार आहेसच, तर कृपया शेवटपर्यंत वाच.

तर विषय आहे ओठावर येणारे ते फोड. ताप येऊन गेला, उन्हात फिरणं झालं, जागरणं झाली, की ओठाच्या कडेला आधी नुसतं चुरचुरतं, मग पाणी भरलेले बारीक फोड येतात आणि मग आठवडाभर खपली मिरवायची. आमच्याकडे 'ताप ओठावर फुटला' म्हणतात, काही घरांत 'जर उठला' म्हणतात. आजीला व्हायचं, बाबांना होतं, मला होतं. वारसाहक्काने मिळालेली ही एकच गोष्ट अशी की जिच्यावरून आमच्या घराण्यात कोर्टकचेरी झाली नाही :-)

डॉक्टरी भाषेत हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार १. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात हा विषाणू मुक्कामाला आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, घरच्यांच्या पापीतून. एकदा आला की मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून बसतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. म्हणजे दर तिघांत दोघं. तरीसुद्धा 'हर्पिस' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे बैठकीतली माणसं एकदम छताकडे बघायला लागतात.

या छताकडे बघण्याचीच ही गोष्ट आहे. आणि एका पत्र्याच्या डब्याची.

तो डबा तुमच्याही घरी आहे. कधीकाळी कुणीतरी परदेशातून आणलेल्या बिस्किटांचा. त्यात गोळ्या, मलमं, अर्धवट बाटल्या, एक थर्मामीटर, दोन सुट्या सेफ्टी पिना आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा पट्टा. आमचा डबा फ्रिजमध्ये असतो. असायचा. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी. कारण 'औषध फ्रिजमध्ये ठेवलं की टिकतं' हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य.

फेब्रुवारीत आई एका लग्नासाठी दोन दिवस अमरावतीला गेली. बाबा घरी एकटे. त्यांना बारीक ताप होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ फुटला. डब्यात त्यांचं नेहमीचं मलम त्यांना सापडलं नाही. सापडल्या त्या मोठ्या काकांच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी काकांना नागीण झाली होती, तेव्हा आणलेल्या. त्यांना बरं वाटलं तशा उरल्या आणि 'असू दे, लागतील' म्हणून आमच्या डब्यात आल्या. बाबांच्या लक्षात होतं की नागिणीचं आणि ओठावरचं औषध एकच. ते खरंच आहे, दोन्हीला असायक्लोविर देतात. काका दिवसातून पाच वेळा घ्यायचे, हेही त्यांच्या लक्षात होतं. मास्तरांची स्मरणशक्ती!

लक्षात नव्हतं ते एवढंच, की ती गोळी ८०० मिलिग्रॅमची होती आणि तो डोस नागिणीचा होता, ओठावरच्या फोडाचा नव्हे. आणि हे औषध अंगाबाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह, किडनीचे आकडे आधीच काठावर. त्यात ताप, आणि पाणी जेमतेम. दोन दिवस त्यांनी शिस्तीत, घड्याळ लावून, पाच पाच गोळ्या घेतल्या.

आई परत आली त्या सकाळी बाबा पलंगावर बसून चादरीवरचं काहीतरी वेचत होते. हात थरथरत होते. आईला म्हणाले, "आई चहा पिऊन गेली का?" माझी आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

पुढचं सगळं ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. रिक्षा, दवाखाना, तिथून मोठं हॉस्पिटल, डोक्याचा स्कॅन. अर्धांगवायू नाही. साखर ठीक. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?" आईने बीपीची, साखरेची, रक्त पातळ करायची अशी पाठ असलेली यादी म्हणून दाखवली. एका तरुण डॉक्टरने ओठाकडे बोट दाखवून मुद्दाम विचारलं, "यावर काही दिलं होतं का?" आणि माझी आई, जी भाजीवाल्याशी पन्नास पैशांवरून वाद घालू शकते, ती खाली बघून म्हणाली, "नाही, ते असंच आहे."

कारण शेजारच्या कॉटवर ओळखीच्या बाई होत्या.

मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने पोचले आणि हॉस्पिटलात जायच्या आधी घरी जाऊन डबा उपडा केला. मला निदान काय शोधायचं ते ठाऊक होतं, कारण हा ओठ माझाही आहे. मिळाला तो चांदीचा एक कागद, कडा कात्रीने कापलेल्या. गोळ्यांचं नाव कापलेल्या बाजूला गेलेलं. तारीख दुसऱ्या बाजूला, तीही गेलेली. मध्ये उरली होती नावाच्या शेवटची दोन अक्षरं, 'विर'. तेवढ्यावरून मी काकांना फोन लावला, काकूंनी जुनी फाइल शोधली, आणि दुपारी डॉक्टरांना कळलं की पेशंटच्या रक्तात नेमकं काय साचलंय. म्हणजे एक अख्खा दिवस गेला. औषध बंद, सलाईन, एकदा डायलिसिस. चौथ्या दिवशी बाबांनी पेपर मागितला आणि अग्रलेखातली चूक काढली. तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडून घेतलं.

आता मुद्द्यावर येते. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्यातल्या निम्म्यांची पहिली प्रतिक्रिया काय होती? "पण फ्रिजमध्येच होत्या ना? मग खराब कशा झाल्या?"

अहो, खराब झाल्या नव्हत्या! गोळ्या उत्तम होत्या. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. खराब झालं होतं ते आपलं 'नीट ठेवणं'. औषध नीट ठेवणं म्हणजे ते थंड ठेवणं, असं आपण धरून चाललोय. किंवा लपवून ठेवणं. माझं म्हणणं असं की औषध नीट ठेवणं म्हणजे त्याचं नाव, त्याची तारीख आणि त्याचा मालक त्याच्याबरोबर ठेवणं. बाकी सगळं नंतर. नाव हरवलेलं औषध हे औषध नसतं, ती घरात ठेवलेली एक पांढरी गोळी असते. बस्स.

आणि नाव हरवतं कसं? दोन हत्यारांनी. एक कात्री, दुसरी लाज.

कात्रीचं आधी. दहाची स्ट्रिप, आपल्याला हव्यात चार. मेडिकलवाला कचकन कापतो. आपल्यालाही तेच हवं असतं, उगाच जास्तीचे पैसे कशाला. त्यात त्याची चूक म्हणाल तर अर्धी, आपली अर्धी. पण कापलेल्या तुकड्यावर काय उरलंय हे आपण बघतो का? नाव आणि तारीख नसलेला तुकडा परत द्यायचा, 'नाव असलेली बाजू मला द्या' म्हणायचं, नाहीतर तिथल्या तिथे पेन मागून कागदी पाकिटावर लिहून घ्यायचं. घरीही तेच. गोळी काढताना तारखेच्या टोकाकडून सुरुवात करायची नाही. एवढं सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

आता लाज. बाबांचं मलम त्या दिवशी का सापडलं नाही ठाऊक आहे? ते डब्यातच होतं. पण आईने त्याचा खोका कधीच फेकला होता आणि ट्यूबवरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. कामवाली बघते, पाहुणे फ्रिज उघडतात, आणि शेजारच्या मुलाने नेटवर वाचून सांगितलं होतं की हर्पिस म्हणजे 'तसला' रोग. (प्रकार १ बहुतेक करून तोंडाचा आणि बालपणीचा, हे त्याने वाचलं नसावं.) त्या ट्यूबशेजारी तशीच दुसरी ट्यूब होती, टाचेच्या खाजेची. वापरून वापरून तिचं नाव पुसलेलं. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पिळलेल्या. बाबांनी दोन्ही बाजूला सारल्या, आणि नशीब म्हणायचं. कारण खाजेच्या त्या मलमात स्टेरॉइड होतं. विषाणूच्या फोडावर नुसतं स्टेरॉइड चोळणं म्हणजे चोराला घराची किल्ली देणं, संसर्ग पसरू शकतो. तेच बोट डोळ्याला लागलं आणि विषाणू बुबुळात असला तर दृष्टीवर बेतू शकतं. असायक्लोविरचं डोळ्याचं मलम निराळं असतं, ३ टक्क्यांचं, आणि ते उघडल्यावर महिन्याभरात टाकायचं असतं. ओठाचं ५ टक्क्यांचं क्रीम डोळ्यात घालायचं नसतं. चिकटपट्टी लावलेल्या ट्यूबवरून हे कुणाला कळणार होतं?

मला या औषधाचं खरंच कौतुक आहे, म्हणून जास्त चीड येते. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या औषधांवर आयुष्य घातलं त्यातलं हे एक. एलियनबाईंना १९८८ साली नोबेल मिळालं. या औषधाची गंमत अशी की ते जागं होतं ते विषाणूच्याच एका विकराने. म्हणजे ज्या पेशीत विषाणू घुसलाय तिथेच ते प्रामुख्याने काम करतं, शेजारच्या धडधाकट पेशीला फारसा त्रास देत नाही. इतकं नेमकं औषध माणसाने बनवलं, आणि आपण ते कोथिंबिरीच्या शेजारी, नाव पुसून, कुणाचंही कुणालाही, असं ठेवतो.

फ्रिजचाही निकाल लावूनच टाकू. बऱ्याच औषधांवर 'थंड, कोरड्या जागी ठेवा' असं असतं. आपण त्यातलं 'थंड' वाचतो आणि फ्रिजचं दार उघडतो. आपल्या भारतीय औषधकोशात यासाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. फ्रिजमधली थंडी म्हणजे २ ते ८ अंश. आणि ही जी 'थंड जागा' म्हणतात ती ८ ते २५ अंश. दोन्ही एक नव्हेत. शिवाय फ्रिज कोरडा कुठे असतो? दर वेळी दार उघडलं की आत दमट हवा शिरते, वीज गेली की पाणी सुटतं. ओठावरच्या क्रीमवर तर अनेकदा 'फ्रिजमध्ये ठेवू नका' असं स्पष्ट छापलेलं असतं. क्रीम म्हणजे तेल आणि पाण्याचं एकजीव केलेलं मिश्रण, गोठलं तर फाटतं, कणीदार होतं. पण छापलेलं असतं ते खोक्यावर किंवा आतल्या चिठ्ठीवर. आणि खोका आपण आधीच फेकलेला असतो!

"मग अकोल्यात मे महिन्यात २५ अंश कुठून आणू?" हा आत्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. नुकताच मे गेलाय, पारा पंचेचाळिशीला टेकतो हे मलाही ठाऊक आहे. त्याचं उत्तर फ्रिज नव्हे. घराच्या आतल्या, उन्हाची भिंत नसलेल्या खोलीत, कपाटाच्या मधल्या खणात, खोक्यासकट. गॅसच्या वरचं फडताळ नको, बाथरूमच्या आरशामागचं कपाट नको, तिथे रोज वाफ असते. स्कूटरची डिकी आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा कप्पा तर मुळीच नको. आणि उन्हाळ्यात साठा करायचा नाही, एक छोटी ट्यूब पुरे. फाटलेलं, रंग किंवा वास बदललेलं क्रीम तारीख शिल्लक असली तरी टाकायचं.

आता माझ्यावर होणारे दोन आरोप.

पहिला : "म्हणजे घरात औषधच ठेवायचं नाही का? अडीनडीला काय करायचं?" उलट! ओठावरचं औषध घरात असायलाच हवं. ते चुरचुरायला लागताक्षणी लावलं तर उपयोगाचं, फोड पिकल्यावर दोन दिवसांनी मेडिकल शोधून काही होत नाही. आणि हे चुरचुरणं नेमकं रात्री साडेअकराला सुरू होतं. म्हणून तर ते सापडेल असं, ओळखू येईल असं ठेवा म्हणतेय. बाबांना त्या दिवशी स्वतःची ट्यूब ओळखू आली असती तर काकांच्या गोळ्यांकडे हात गेलाच नसता.

दुसरा : "चांगली औषधं टाकून द्यायची? पैसे पडलेत त्याला." हो, पडलेत. काकांच्या उरलेल्या गोळ्यांची किंमत किती असेल, चारशे रुपये? आमचं हॉस्पिटलचं बिल मी इथे लिहीत नाही, आईला चक्कर येईल. आपल्या आजीने उरलेल्या भाकरीचा कुस्करा केला, जुन्या लुगड्याची गोधडी केली, त्या काटकसरीपुढे मी कायम मान तुकवते. पण औषध म्हणजे शिळी भाकरी नव्हे. भाकरी कुणीही खाल्ली तरी भाकरीच. औषध एका माणसाच्या वजनाला, वयाला, किडनीला मापून दिलेलं असतं. कोर्स उरला तर आधी डॉक्टरांना विचारायचं की उरला कसा, आणि मग तो काढून टाकायचा. आपल्याकडे घरातली नको असलेली औषधं परत घेण्याची धड सोय नाही, हे खरंय. केरळात २०२५ साली तसा प्रयोग सुरू झाला, आपल्याकडेही गावोगावी व्हायला हवा. तोवर गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवून, बंद पिशवीत, म्हणजे कुणाच्या हाती लागून पुन्हा वापरल्या जाणार नाहीत.

आणि एक, जे आत्याला सगळ्यात आवडणार नाही. लाजेने आपण नुसतं औषध नाही लपवत, फोडही लपवतो. पुढच्या महिन्यात आपल्याकडे बारसं आहे. ओठावर ओला फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घ्यायची नाही. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. 'मला ताप फुटलाय, मी लांबूनच बघते' हे वाक्य जिला सगळ्यांसमोर म्हणता येतं ती आत्या मला हवी आहे. तसंच त्या घरात पर्स जमिनीवर ठेवायची नाही. आपल्या पर्समध्ये ट्यूब असते, बामची डबी असते, कापराची पुडी असते. कापूर रांगत्या पोराच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येऊ शकतात. आपण देवासाठी ठेवतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

आमच्या घरी आता काय आहे ते सांगते आणि थांबते. बिस्किटांचा डबा गेला. (आईने त्यात वाती ठेवल्यात.) आतल्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात तीन झाकणाचे डबे आहेत : आई, बाबा, पाहुणे. दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही. प्रत्येक औषध त्याच्या खोक्यात, चिठ्ठीसकट. खोक्यावर तीन गोष्टी मार्करने : कुणाचं, कशासाठी, कधी उघडलं. ट्यूब एकाची एकालाच, लावायच्या आधी आणि नंतर हात धुवायचे, ट्यूबचं तोंड फोडाला टेकवायचं नाही. बाबांच्या डब्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर चालू औषधं आणि खाली ठळक अक्षरात 'किडनी कमजोर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.' दर दिवाळीच्या साफसफाईत तारखा तपासायच्या. एवढंच. यात दमडी खर्च झाली नाही.

मागच्या रविवारी गेले होते तेव्हा डबा उघडून बघितला. ओठाच्या मलमाच्या खोक्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'ओठावरील हर्पिस. माझे.' खाली पूर्ण सही, तारखेसह. आईने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, छताकडे नाही बघितलं. "बैठकीतल्या कपाटावर ठेवू नकोस हो मात्र," एवढंच म्हणाली. चालेल. एवढी सूट आईला.

असो. तुम्ही हे वाचून प्रतिक्रिया लिहालच, पण त्याआधी उठा आणि आपला डबा उपडा करा. 'विर'सारखी दोनच अक्षरं शिल्लक असलेला तुकडा सापडला तर तो कुणाचा, म्हणून आईला विचारा. तिलाही माहीत नसेल तर त्याची जागा तुम्हाला कळली असेलच.